कापलेली सात सेकंदं

पौड, गुरुवार सकाळ

प्रिय दया,

तुझा फोन पोलिसांनी नेलाय, म्हणून हे कागदावर. माझं अक्षर तुला माहीत आहे, नववीत शाळा सुटली तेव्हा होतं तसंच राहिलंय. एका डोळ्यानं वाचताना त्रास होईल. दवाखान्यात तुझ्या डाव्या डोळ्याची पट्टी सुटली असं गौतमी मॅडम फोनवर म्हणाल्या. उजव्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. पण सगळं वाच, मधेच फाडू नकोस, आणि तुम्हा शिकवणाऱ्यांच्या उद्याच्या, शुक्रवारच्या बैठकीच्या आत वाच. त्या बैठकीत तू लिहून देणार आहेस की चूक तुझी होती, धड्यात कुलपाचं वाक्य बोलायला तू विसरलास आणि त्यापायी मंगळ्या मेला. तिथं सही करायची नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो. का, ते सांगायला मला वेळ लागेल. सरळ रस्त्यानं मला कुठं जाता येत नाही, तू नेहमी म्हणतोसच.

पौडच्या स्टँडवर बाकावर बसलोय. समोर एक बाई पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसलीय. पुण्याचा एक गाडीवाला तिला विचारतोय, ही ऑरगॅनिक आहेत का. ती म्हणाली, 'न्हाई साहेब, काट्यातली हायेत.' तू असतास तर लगेच कॅमेरा काढला असतास. असो. आपण भेटलो ते आठवतंय? चार वर्षं झाली. हिंजवडीच्या चौकात माझी गाडी कंपनीच्या कॅबच्या आरशाला घासली आणि तिघं ड्रायव्हर उतरले. एकानं जॅकचा रॉड काढला. पहिल्या फटक्यात माझी करंगळी मोडली, दुसऱ्यात दात रस्त्यावर पडला, आणि मी येडा तो दात शोधायला खाली वाकलो. तिसरा फटका मानेवर बसायचा होता. तेवढ्यात तू मधे आलास, हातात कॅमेऱ्याचा स्टँड. त्यांना म्हणालास, 'मारा, मारा, रेकॉर्डिंग चालू आहे, अँगल झकास आलाय.' स्टँडवर कॅमेराच नव्हता. ते गाडीत बसून निघून गेले आणि तू मला म्हणालास, 'दात घे आणि बस मागं.' त्याआधी मी गोव्यात हॉटेलात भांडी घासली, सुरतेला मिलमध्ये होतो, बोअरच्या गाडीबरोबर पार कर्नाटकात फिरून आलो. आठ महिन्यांच्या वर कुठं टिकलो नव्हतो. तुझ्याकडं चार वर्षं टिकलो. हे तुला कधी बोललो नाही, म्हणून लिहून ठेवतो.

तुझं काम मला आधी कळलंच नव्हतं. हिंजवडीच्या टॉवरवर एका ठेकेदाराच्या ॲपवर माणसाला व्हिडिओतून काम शिकवायचं, तो नांद्याच्या साइटवर गेला की दुसऱ्याच्या ॲपवर तेच पुन्हा, तेही वेगळ्या शब्दांत आणि अर्धंमुर्धं. एकाचा धडा दुसऱ्याच्या ॲपवर चालायचाच नाही. तू आणि गौतमी मॅडमनी आणखी दहा शिकवणारे जमवले आणि नांद्यातल्या तुमच्या भाड्यानं दिलेल्या खोल्यांवरच्या गच्चीवर बसून सगळ्यांसाठी एक साचा ठरवला. तुझे वडील हैबतराव चहा घेऊन वर आले की टोमणा मारायचे, 'अरे, लग्नं जमतात एवढ्या वेळात.' धडा तीन मिनिटांचा, एका धड्यात एकच काम. कुठल्या कंपनीचं नाव नको, रंग नको. प्रत्येक धड्याला एक चिठ्ठी, तिच्यात रकाने: मशीन कुठलं, बनवला कुणी, याआधी कुठला धडा बघायचा. चौथा नियम तू स्वतः फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला होतास. धड्यात दुसऱ्या धड्याचं नाव निघता कामा नये. 'मागं बघितलं', 'पुढं बघू' असलं काही आलं तर कापायचं, कारण कोण कुठल्या ॲपवर कुठला धडा आधी बघेल ते आपल्याला ठाऊक नाही. आधीचं काय ते चिठ्ठी सांगेल, ॲप चिठ्ठी वाचून तो धडा आधी दाखवेल. पाचव्या नियमासाठी तू दोन तास भांडलास: धडा मागं घ्यायचा तर चिठ्ठीवर ज्याचं नाव त्यानंच घ्यायचा, आणि त्यानं घेतला की साचा मानणाऱ्या चौदाच्या चौदा ॲपवरून एकदम उतरला पाहिजे. 'तोंड माझं, आवाज माझा, मग उतरवायचा हक्कपण माझा,' असं म्हणालास. कापायचं काम माझ्याकडं आलं. मला ते आवडायचं. एखादं वाक्य काढलं की धडा हलका व्हायचा, कुठंही बसायचा. तू पाठीवर थाप मारायचास, म्हणायचास, 'नील्या, तुझे धडे म्हणजे पाण्यासारखे, कुठल्याही भांड्यात ओता.'

आता शनिवारचं. मंगळ्याला त्या काँक्रीटच्या प्लांटवर मीच लावलं होतं, तीन दिवस झाले होते. माझा मावसभाऊ, पण वाडीवर आम्ही एकाच ताटात जेवून वाढलो. त्याला मिक्सरच्या भांड्यात उतरून, चिकटून सुकलेलं काँक्रीट छिन्नीनं फोडायचं काम दिलं. गेटवर त्याला मोबाइलवर तुझा धडा दाखवला, 'मिक्सर आतून साफ करणे'. मी तिथंच होतो, खडीच्या ढिगाचं शूटिंग करायचं होतं. मंगळ्या हसत होता. म्हणाला, 'दयामास्तर ह्यात लई गोरा दिसतोय, पावडर लावली व्हती का रं?' पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग धडा बघितल्याचा अंगठा दिला, टोपी घातली आणि आत उतरला. मेन स्विच चालूच होता. कुलूप ऑफिसच्या कपाटात पिशवीतल्या पिशवीत, त्याला कुणी हात लावला नव्हता. वरच्या केबिनमधला ऑपरेटर चहा पिऊन आला, खाली माणूस आहे हे त्याला माहीतच नाही, आणि त्यानं बटण दाबलं.

मला आधी छिन्नीचा आवाज येत होता, ठक ठक. तो बंद झाला. मग मोटर. मग जे ऐकू आलं त्याला ओरडणं म्हणत नाहीत, बैलाला डाग देताना तो जो आवाज काढतो तसं काहीतरी. पात्यांनी त्याला एक पूर्ण फेरा दिला होता. आम्ही धावलो तेव्हा त्याची मांडी पात्याच्या आणि भिंतीच्या मधे होती आणि हात कुठं सुरू होतो नि कुठं संपतो ते कळत नव्हतं. गॅस कटरनं पातं कापायला लागलं. ठिणग्या त्याच्या अंगावर पडत होत्या, एक जण पाणी मारत होता, आणि ते पाणी लाल होऊन खालच्या झडपेतून बाहेर येत होतं. मी त्याचं डोकं धरून बसलो होतो. तो वीस मिनिटं जिवंत होता, दया. पाणी मागितलं नाही, आईचं नाव घेतलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, 'नील्या, मी बघितला रं धडा. दोनदा बघितला.' जणू मीच त्याला रागावणार होतो.

वाडीवर मंगळ्याच्या आईनं, भिमामावशीनं कपाळ दगडावर आपटून घेतलं, तिघींनी धरलं तेव्हा थांबली. रविवारी सगळं उरकलं. सोमवारी सकाळी तिचा भाऊ बहिरूमामा अंगणात बसला, हातात कुणाचा तरी मोबाइल, त्यात तुझा धडा. लावायचा, संपला की पुन्हा लावायचा. पोलीस म्हणाले होते, आत उतरायच्या आधी स्विच पाडून कुलूप लावायचं असतं, किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात पाहिजे. मामा प्रत्येक वेळी विचारायचा, 'ह्यात कुटं हाय कुलूप? दावा मला. कुटं हाय?' भोवती पंधरा-वीस माणसं. मग त्यानं मान माझ्याकडं वळवली. 'तू त्याच्यासंगं असतोस न्हवं? तुला ठावं असंल.' मी म्हणालो, 'धडा दयाचा हाय. त्यालाच इचारा.' एवढंच बोललो, पण ते पुरलं. पिकअपमध्ये दांडे पडले, कुदळीचे, कुऱ्हाडीचे, कुणी साखळी घेतली. मीही चढलो. पिकअप थेट नांद्यात तुझ्या दारात थांबला.

पुढचं तुला माहीत आहे, तुझ्या हाडांना जास्त माहीत आहे. तू पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होतास. हैबतराव काठी घेऊन मधे आले, त्यांचं मनगट मोडलं, तो आवाज मी ऐकला. साखळी तुझ्या पाठीवर बसली तेव्हा शर्ट आणि कातडी एकदमच निघाली. तू टाकीला धरून उभा राहायला बघत होतास आणि बहिरूमामा दर घावाला तेच विचारत होता, 'कुलूप कुटं हाय? कुलूप कुटं हाय?' भाडेकरू वरून मोबाइल धरून उभे होते. एक जणही खाली आला नाही. कुणीतरी दांड्याचं टोक सरळ पुढं घातलं आणि ते तुझ्या उजव्या डोळ्यात गेलं. मग तू बसलास. मग सगळे थांबले, एकदम, जसं कुणी मोटर बंद करावी. आणि आम्ही पळालो.

आणि तू पोलिसांना सांगितलंस, मारणारे ओळखीचे नव्हते. मी दोन दिवस लपून होतो, कासारसाईच्या धरणावर एका मासेवाल्याकडं. तिथं गौतमी मॅडमचा फोन आला, त्या रडत होत्या. म्हणाल्या, 'दया म्हणतोय की तो वाक्य बोलायलाच विसरला. इतके दिवस विजेचं काम शिकवतोय, पहिली गोष्ट कुलूप, आणि तेच कसं विसरलो, हेच घोकतोय.' तुझ्यासमोर कुणी धडा लावला होता म्हणे. तू ऐकलास, त्यात ते वाक्य नव्हतं, आणि तू मान्य केलंस. स्वतःच्या तोंडावर संशय घेतलास, माझ्या हातावर घेतला नाहीस. शुक्रवारी तू लिहून द्यायचं, साच्यातून तुझं नाव काढायचं, नियम आहेत तसे ठेवायचे, असं ठरलंय. गौतमी मॅडमना मी विचारलं, 'नाव काढलं तर त्याच्या धड्यांचं काय?' म्हणाल्या, 'खातं बंद होईल, धडे राहतील. ते काय माणसाबरोबर जात नाहीत.'

दया, तू विसरला नव्हतास. तू बोलला होतास. माझ्याकडं मूळचं रेकॉर्डिंग आहे, आळसानं मी काही पुसत नाही. काल पन्नास वेळा ऐकलं. तू प्लांटच्या शिडीपाशी उभा आहेस, मागं डंपर चाललाय, आणि तू एका दमात म्हणतोस, 'आधी मेन स्विच पाडायचा, कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात, हे आपण मागच्या धड्यात बघितलंय, आता आत उतरू.' सात सेकंदं. चौथा नियम: 'मागच्या धड्यात' आलं की कापायचं. मला फक्त शेवट कापता आला असता. पण तू मधे श्वास घेतला नव्हतास, आवाज जोडलेला होता, नीट तोडायला अर्धा तास लागला असता, आणि खाली पोरं हॉर्न वाजवत होती, कासारसाईला पोहायला जायचं होतं. मी पूर्ण वाक्य उचललं. मग चिठ्ठी. 'याआधी कुठला धडा' या रकान्यात दोनशे नावांची यादी उघडते, त्यात कुलपाचा धडा मला पटकन सापडेना. तो रकाना रिकामा ठेवला तर धडा वर जात नाही. मी 'गरज नाही' निवडलं. सगळ्या रकान्यांपुढं हिरवी खूण आली. गौतमी मॅडमनी खुणा बघितल्या आणि पास केला. संध्याकाळपर्यंत चौदा ॲपनी उचलला, हिंदीत झाला, बंगालीत झाला, ओडियात झाला. आणि मी तेव्हा पाण्यात उड्या मारत होतो. ऊन छान होतं त्या दिवशी, हेही लक्षात आहे, कशाला ते माहीत नाही.

अजून एक आहे, आणि ते लिहायला मी दोन वेळा उठून स्टँडबाहेर जाऊन आलो. तुला पहिला दांडा मी मारला हे तू बघितलंस. तुला वाटलं असेल, भाऊ गेला, डोकं फिरलं बिचाऱ्याचं. तसं वाटू देऊ नकोस. आम्ही उतरलो तेव्हा तू मला गर्दीत बघितलंस आणि तुझा चेहरा खुलला, तुला वाटलं मी यांना आवरायला आलोय. तू म्हणालास, 'नील्या, सांग की यांना.' मला वाटलं तुला माहीत आहे. मला वाटलं पुढचं वाक्य असेल, कापलं कुणी ते सांग. ते वाक्य तोंडातून निघायच्या आत मी दांडा घातला. जबड्यावर, बोलता येऊ नये म्हणून. मी धडे कापतो तसंच. मंगळ्यासाठी रागानं मारलं असतं तर मी आज वाडीवर मान वर करून बसलो असतो. मी भीतीनं मारलं. तो घाव बसला नसता तर बाकीचे थांबलेही असते कदाचित, बहिरूमामाला आधी विचारायचंच होतं. डोळ्यातलं टोक कुणाचं, ते मला खरंच माहीत नाही. माझं असेलही.

आता हे सगळं आजच का लिहितोय ते. मन हलकं करायला नाही. तसं असतं तर मी आत्तापर्यंत कोल्हापूरच्या पुढं गेलो असतो, पळणं मला कुणापेक्षाही चांगलं जमतं. धरणावर बसून मी माझ्या हातचे तुझे सगळे धडे काढले, छत्तीस, आणि मूळ रेकॉर्डिंगला लावून बघितले. नऊ धड्यांत मी असंच वाक्य उचललंय आणि चिठ्ठीत 'गरज नाही' लिहिलंय. लिफ्टच्या खड्ड्यात उतरणं. उंचावर कमरेचा पट्टा अडकवणं. चेंबरमध्ये उतरायच्या आधी आतली हवा तपासणं. बाकीचे दुसऱ्या कागदावर नंबरासकट लिहिलेत. चौदा ॲपवर ते आजही चालू आहेत. खड्ड्याचा धडा कालपासून आज सकाळपर्यंत एकसष्ट जणांनी बघून अंगठा दिलाय. ते उतरवता येतात फक्त तुझ्या नावानं, आणि शुक्रवारी तू सही केलीस की ते नाव बंद. मग ते कुणालाच उतरवता येणार नाहीत. गौतमी मॅडमना मी लॅपटॉप घेऊन यायला सांगितलंय, कशासाठी ते सांगितलं नाही, त्या दवाखान्यात तुझ्या दाराबाहेर बसल्या असतील. त्यांना आत बोलाव. कागद पोलिसांना दाखव, हैबतरावांना दाखव, नंतर. हा कागद मला इथवर सोडलेल्या मासेवाल्याच्या हाती तुझ्याकडं पाठवतोय आणि मी इथून पहिली गाडी पकडून वाडीवर जातोय, भिमामावशीला आणि बहिरूमामाला सांगायला की वाक्य होतं आणि ते मी काढलं. तिथून चालता आलो तर पौडच्या ठाण्यात जाईन. माझी वाट बघू नकोस, माझ्याबद्दल काही ठरवत बसू नकोस. आधी ते नऊ उतरव. नऊ वाजलेत, साइटवर आता माणसं आत उतरायला लागली असतील.

तुझाच म्हणायचं तोंड उरलं नाही, तरी दुसऱ्या कुणाचा नाही,
निलेश